पाचदारीची बारी

१७ मे १९९२, रविवार

बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, रोह्याच्या कारखान्यातून नव्या वर्षाची डायरी मिळाली होती, ती पेटीत पडून होती. आज त्याने मला दिली. म्हणाला, "तू कुणाशी बोलत नायस, निदान लिव तरी." जानेवारीपासूनची पानं कोरीच गेली. आता त्याला काय करणार.

माझं नाव सगुणा. आठवीला पेणला घातलं होतं, दिवाळीपर्यंत गेले. तिथे उभं राहून धडा वाचायला लावायचे. मी उभी राहायची, पुस्तक धरायची, आणि आवाजच यायचा नाय. पोरं हसायची. दिवाळीनंतर गेलेच नाय. माझं दप्तर आईने खुंटीला अडकवलं. त्यात आता कांदे असतात.

घरात आम्ही पाच जणं. आजा, आई, बा, कान्हूदादा आणि मी. बा रोह्याला शिफ्टवर जातो, कधी दोन दोन दिवस तिकडेच राहतो. आजाचे पाय मागच्या पावसाळ्यापासून सुजलेत, तो ओटीवरून खाली उतरत नाय. म्हणून ओहोटी लागली की पाचदारीवर मी जाते. परत आले की तो एवढंच विचारतो, "मिटली काय गो?" मी मान हलवते. मग तो जेवतो.

१९ मे

पाचदारी काय ते लिहायचं राहिलं. बाहेर खाडी, आत आमची भातशेती, मध्ये मातीचा बांध. पावसाचं पाणी आतून खाडीत जायला पाहिजे आणि खाडीचं खारं पाणी आत यायला नको. त्यासाठी बांधात उघाडी असते. आमच्या उघाडीला पाच दारं. दगडी कमानी, त्यांना सागवानी दारं, लोखंडी पट्ट्या मारलेली, वरच्या अंगाला बिजागरीवर टांगलेली. ती कुणी उघडत नाय, कुणी मिटत नाय. भरती आली की खाडीचं पाणीच दार लोटतं आणि ते चौकटीवर मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. वीज नाय, इंजिन नाय.

आजा सांगतो, बांधली तेव्हा मुंबईचे साहेब बघायला यायचे, गुजरातचे यायचे. कॉलेजची पोरं बांधावर बसून चित्रं काढायची. एका साहेबाने भर भरतीत आतल्या बाजूने दाराच्या फटीला रुमाल लावला. रुमाल भिजला नाय. हे सांगताना आजा दर वेळी स्वतःचा रुमाल काढून दाखवतो.

त्याच्याआधी लाकडाची जुनी उघाडी होती, ती गाव सांभाळायचं. उंबऱ्यावर गाळ साचला, फांदी अडकली, की दार पुरतं मिटत नाय. म्हणून रोज एका घराने चिखलात उतरायचं. त्यासाठी बारीची, म्हणजे पाळीची, काठी होती. ज्याच्या दारात काठी, त्या दिवसाचा गाळ त्याचा. काम झालं की त्याने काठी पुढच्या दारात नेऊन ठेवायची. सांगायचं नाय, हाक मारायची नाय. काठी दिसली की गप जायचं. ही पद्धत मला फार आवडली.

नवी उघाडी झाली तसा सरकारने तिच्यावर एक माणूस नेमला आणि काठी आमच्या माळ्यावर गेली. पुढे तो माणूस रिटायर झाला. दुसरा आला नाय. सरकार म्हणतं गावाची, गाव म्हणतं सरकारची. आजा एकटा जात राहिला. आता पहिलं आणि पाचवं दार गाळात रुतून बसलंय, ती हलत नाय. मधली तीन चालतात.

२६ मे

आज जगन आला. आमच्याच भावकीतला, पण आता बूट घालतो आणि ते ओटीवर काढत नाय. जीपमधून दोन माणसं आलेली, ती जीपमध्येच बसून राहिली.

जगन म्हणाला, "काळुबाबा, कंपनी येतेय. सगळी खारजमीन घेणार. घरटी एक नोकरी. पुंडलिक तयार हाय, बाकीची पण तयार हाईत. तुमची जमीन मधोमध, तुमच्यावाचून अडलंय."

आजा म्हणाला, "भात येतंय ना जमिनीत?"

"येतंय की."

"मग येतंय तवर अंगठा देणार नाय. यायचं थांबलं की ये, दोन्ही अंगठे घे."

"बाबा, एकच लागतो," जगन हसून म्हणाला.

कान्हूदादा दाराआड उभा होता. बारावी नापास होऊन त्याला दोन वर्षं झाली. दिवसभर नाक्यावर असतो. बा शिफ्टला निघायचा होता, बूट पुसत बसला होता. तो एकच बूट पुसत राहिला. शेवटी आईने दुसरा त्याच्यापुढे सरकवला.

३ जून

मी एक काम केलंय. काठी माळ्यावरून काढली, धुतली, तेल लावलं. वरच्या टोकाला हातांनी धरून धरून गुळगुळीत झालीय. सकाळी कुणी उठायच्या आधी शेजारच्या पुंडलिककाकांच्या दारात ठेवून आले.

दुपारी काठी आमच्या दारात.

४ जून

परत ठेवली. परत आली. या वेळी पुंडलिककाका स्वतः घेऊन आले आणि ओटीवर आजाच्या समोर टाकली. "काय काळुदादा, नात गुरं राखायला बसलीय काय माझ्या दारात? उघाडी सरकारची. सरकारला सांग काठी ठेवायला."

आजाने काठी उचलली आणि मांडीवर घेतली. काका गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "एक दार सोडून दुसरं असतं गो."

६ जून

दुसरं दार म्हणजे बायजाबाई. तिला कुणी नाय, लेक खांब गावाला दिलीय. ती सुकी मासळी घेऊन पेणला दारोदार विकते. तिच्या दारात काठी ठेवली. काठी परत आली नाय. मी पाचदारीवर गेले तर ही बाई गुडघ्याएवढ्या चिखलात, लुगडं कासोट्याला खोचलेलं, फावड्याने गाळ ओढतेय आणि गाळाला शिव्या देतेय.

मला बघून म्हणाली, "आलीस? बोलू नको हां काय. माझं बोलणं दोघींना पुरेल."

आता एक दिवस तिची बारी, एक दिवस आमची. दोनच घरं, पण काठी फिरते.

२१ जून, रविवार

आज बाला सुट्टी होती. काठी आमच्या दारात होती. मी फावडं घेतलं तर म्हणाला, "थांब, मी पण येतो." लहानपणी तो मला खांद्यावर घेऊन जायचा म्हणे, मला आठवत नाय. मला आठवतंय तेव्हापासून तो कधी पाचदारीवर आला नाय.

वाटेत काय बोलायचं ते कळेना, पण तिथे गेल्यावर त्याने विचारायला सुरुवात केली. कुठलं दार सगळ्यात जास्त पाणी धरतं. मी सांगितलं, तिसरं, मधलं. ते पडलं तर बाकीच्यांचा उपयोग नाय, सगळा जोर तिथेच येतो. बिजागरीची खीळ कुठे असते. मी हात घालून दाखवली, गंजलीय पण पक्की हाय, मनगटाएवढी जाड. एका दाराला दोन खिळा. म्हणाला, एक निघाली तर? मी म्हटलं, मग दार वाकडं लोंबेल, मिटणार नाय. तो बराच वेळ तिथे हात ठेवून उभा राहिला.

एवढं मी आयुष्यात बोलले नसेन. येताना बा म्हणाला, "तुला सगळं येतं गो." मी घरी येईपर्यंत खाली बघून चालले, हसू दिसू नये म्हणून.

२८ जून, रविवार

बारी आमची. बा म्हणाला, "आज तू बस. मी जातो." मी म्हटलं मी पण येते, तर म्हणाला, "एक दिवस तरी आईजवळ बस." मला खूप बरं वाटलं. पुढच्या रविवारी कदाचित कान्हूदादा पण जाईल. तीन घरं झाल्यासारखंच की.

बा दिवेलागणीला आला. बोटांची सालं गेली होती. आईने हळद लावली. "कालवं लागली," म्हणाला. दाराला कालवं चिकटतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, माझे पण हात फाटतात. मी सांगायला पाहिजे होतं, हाताला फडकं बांधून जा.

आजाने विचारलं, "मिटली काय रे रघू?"

बा चुलीकडे बघून म्हणाला, "मिटली."

जेवला नाय. दमला असेल, त्याला चिखलाची सवय नाय.

१ जुलै

काल अमावस्या झाली. उधाणाची भरती. आज दुपारी बायजाबाई धावत आली, डोक्यावर टोपली तशीच. "चल, दार पडलंय."

तिसरं दार एका बाजूने लोंबतंय. डावीकडची खीळ नाय. खाडीचं पाणी धो धो आत येत होतं. आमचे राब, रोपांचे वाफे, त्याच अंगाला. पुनर्लावणीला आलेली रोपं खाऱ्या पाण्यात उभी. मी रोपाला हात लावून बोट चाटलं.

ओहोटी लागल्यावर मी आणि कान्हूदादाने चिखल चाचपून बघितला. खीळ नाय सापडली. दादा लगेच कंटाळला. म्हणाला, "एवढं लोखंड चिखलात कुणी ठेवील काय?" जगन बांधावर उभा होता, तो म्हणाला भंगारवाले. पेणला गाड्या भरून जातात, लोक विहिरीचे रहाट पण काढून नेतात.

संध्याकाळी बा आला. मी रडत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी काय चूक नाय, पोरी." दोनदा म्हणाला.

३ जुलै

दार दोरखंडाने बांधलं. भरतीने दोरखंड तुटला.

७ जुलै

बायजाबाई मला पेणला घेऊन गेली. रामवाडीत तिचं एक गिऱ्हाईक हाय, मोरोपंत म्हणून म्हातारे इंजिनियर. ती वर्षानुवर्षं त्यांच्याकडे सोडे आणि जवळा देते, पण त्यांनीच पाचदारी बांधली हे तिला आजाकडून परवा कळलं. "एवढी वर्षं त्याच्याशी भावावरून भांडले," म्हणाली, "ठाऊक असतं तर जरा कमी भांडले असते."

त्यांच्या सुनेने चहा दिला. मोरोपंत आरामखुर्चीत, कानाला यंत्र. बायजाबाईने सगळं सांगितलं. पाचदारीचं नाव काढल्यावर ते उठून बसले. "तिसरं? मधलं?" म्हणाले. "त्याची खीळ आपोआप निघत नाही. मी खालून पाचर मारून घेतली होती. आधी पाचर काढायची, मग घण मारून खीळ वर घ्यायची. माहीत असल्याशिवाय जमायचं नाही."

बायजाबाई एकदम गप्प झाली. ती गप्प झालेली मी पहिल्यांदा बघितली. मला वाटलं, भंगारवाल्यांचा तर धंदाच तो, त्यांना माहीत असणारच.

मग ते म्हणाले, "तुमच्याकडे एक काठी होती ना? घरोघर फिरायची?"

मी मान हलवली.

"ती मी बंद केली. कलेक्टरला भांडून माणूस मंजूर करून घेतला. मला वाटलं, ही माणसं रोज चिखलात उतरतात, त्यांची सुटका करू." कानातलं यंत्र काढून पुसलं. "केली खरी."

म्हणाले, पेणच्या वर्कशॉपमधून नवी खीळ करून देतो, पण भोकाचं माप हवं. स्वतः यायला निघाले होते, सुनेने अडवलं. "बाबा, जिना तरी उतरता का तुम्ही?" मग सुताचा तुकडा देऊन म्हणाले, कुणीतरी नीट माप घेऊन या.

मी घरी सांगितलं. बा म्हणाला, माप घेणं बायकांचं काम नाय, कान्हू घेईल. दादा म्हणाला, उद्या जातो.

१२ जुलै

दादा उद्या जातो म्हणाला.

१५ जुलै

पौर्णिमेचं उधाण. आईने उरलेली रोपं वरच्या तुकड्यात लावली होती, तिथपर्यंत पाणी गेलं. मी स्वतःच सुताने माप घ्यायला उतरले, पण दार सगळा वेळ हलत असतं, माझ्याने धरवत नाय. बायजाबाईला ताप आलाय. दगडी भिंतीच्या बाजूला बांधाची माती भुसभुशीत झालीय. पाय ठेवला की आत जातो.

आजाने विचारलं, "मिटली काय?" मी मान हलवली नाय. त्याने जेवणाचं ताट बाजूला ठेवलं.

३० जुलै

आज जे झालं ते नीट लिहिणार.

काल गटारी होती. सकाळी सगळे पुरुष झोपलेले. भरतीच्या वेळी मी बांधावर होते. भिंतीच्या कडेने आधी पाण्याची एक बारीक धार आली, करंगळीएवढी. मी गवत कोंबलं. धार गवत घेऊन गेली. मग हाताएवढी झाली. मग माझ्यासमोर बांध बसला. पडला नाय, बसला, जनावर बसतं तसा, आणि वरून पाणी आलं. खांड पडली.

खांड पडली की डबा वाजवायचा असतो. डबा वाजला की घरटी एक माणूस, पेंढा, मेढी, फावडं, जे हातात येईल ते घेऊन धावायचं. वैर असलं तरी यायचं, सुतक असलं तरी यायचं. हे मी ऐकूनच होते. मी घरी धावत गेले, रॉकेलचा डबा घेतला आणि बडवत गावातून फिरले. मी. सगळ्या दारांवरून.

लोक आले. खरंच आले. पुंडलिककाका पण आले, खांद्यावर पेंढ्याचा भारा होता. बायजाबाई तापात काठी टेकत आली. आजाने ओटीवरून ओरडून विचारलं म्हणे, किती रुंद, किती रुंद. तेव्हा खांड एका बैलगाडीएवढीच होती. एवढ्या माणसांनी ओहोटीत बुजवली असती.

पण जगन मध्ये उभा राहिला. म्हणाला, "हात लावू नका कुणी. पंचनामा व्हायचाय. खांड बुजवली तर साहेब म्हणतील नुकसान कुठाय. भरपाई बुडेल सगळ्यांची."

बायजाबाई म्हणाली, "अरे मुडद्या, साहेब येईपर्यंत खाडी थांबणार हाय काय? तिला पण सांग पंचनामा व्हायचाय."

एक दोघं हसले. पुंडलिककाकांनी भारा खाली ठेवला, पण खांडीत नाय टाकला. त्याच्यावर बसले. म्हणाले, "दोन दिवसांचा तर प्रश्न हाय." मग बाकीचे पण बसले. सगळी माणसं पेंढ्यावर बसून पाणी आत जाताना बघत होती.

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. त्या शाळेतल्यासारखंच झालं.

बा पण तिथे होता, सकाळच्या शिफ्टला गेला नव्हता. तो फावडं घेऊन पाण्यात उतरला होता, गुडघ्यापर्यंत. जगन त्याला म्हणाला, "रघूदादा, तू?" एवढंच म्हणाला. बा तसाच उभा राहिला आणि मग वर आला.

११ ऑगस्ट

पंचनाम्याचे साहेब आज आले. खांडीच्या पलीकडे जाता येईना म्हणून अलीकडून बघून गेले. आता तिच्यातून होडी जाते.

२० ऑगस्ट

आमच्या शेतात आता खाडीतले खेकडे आणि निवट्या मासे. कोवळ्या भाताची पानं तांबडी होऊन आडवी पडली. आजाने मला शेतातली माती आणायला सांगितली. जिभेवर ठेवली, थुंकली. म्हणाला, "बोलाव जगनला."

जगन आला. या वेळी बूट काढले त्याने. आजाचा अंगठा कागदावर नीट टेकेना. बाने आजाचं मनगट धरून टेकवला. आजा म्हणाला, "दुसरा पण घे." जगन म्हणाला नको. आजा म्हणाला, "मी बोललो होतो. घे." मग जगनने दुसरा पण घेतला, कागदाच्या मागच्या बाजूला, उगाच.

शाई पुसायला आजाने रुमाल काढला. तोच रुमाल.

३ सप्टेंबर

दादाच्या नोकरीचं जगनला विचारलं. आधी कुंपण होईल, मग ऑफिस, मग बघू, म्हणाला. दादा पुन्हा नाक्यावर जातो. दिवाळीनंतर आम्ही रोह्याला खोली करणार. आई भांडी बघतेय, कुठली न्यायची. मला तिथल्या शेजाऱ्यांची भीती वाटते, म्हणतात भिंतीला भिंत असते.

९ सप्टेंबर

खीळ सापडली.

बाच्या हत्यारांची पत्र्याची पेटी आई रोह्याला न्यायला पुसत होती, तळाला कारखान्याच्या सुताच्या बोळ्यात गुंडाळलेली. गंज काढलेला, ग्रीस लावलेलं. बाजूला लाकडी पाचर. आईने बघितलं आणि पेटीचं झाकण लावलं. मी म्हटलं, अगं आई, हीच ती. आई म्हणाली, "असू दे. ठेव तिथेच." मग चुलीपाशी गेली आणि पाठ करून बसली. तिचं हल्ली डोकं दुखतं.

बाला चिखलात मिळाली असणार. परत बसवायची म्हणून साफ करून ठेवली आणि शिफ्टमध्ये विसरला. नायतर ग्रीस कशाला लावेल.

१२ सप्टेंबर, शनिवार

आज पौर्णिमा. बायजाबाई उद्या लेकीकडे खांबला जातेय, कायमची. तिला खीळ दाखवली. "कुठे गावली?" मी सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग खिळीकडे, मग म्हणाली, "चल, बसवू या. मला पण एकदा मिटलेली बघून जाऊ दे."

आम्ही भरतीच्या सुरुवातीला उतरलो. दार जड, पण लाकडाचं हाय, पाणी चढलं की हलकं होतं. पाणी दाराला उचलेपर्यंत आम्ही दोघी थांबून राहिलो, पाणी छातीपर्यंत आलं. बायजाबाईने खालून बांबू लावला आणि बिजागरीचं भोक भोकासमोर आलं. मी खीळ घातली. कशी गेली म्हणून सांगू. ग्रीसमुळे हाताच्या दाबाने गेली. मग पाचर.

वर चढून बघत बसलो. भरतीने तिसरं दार लोटलं, दुसरं लोटलं, चौथं लोटलं. तिन्ही मिटली. आतल्या बाजूला जाऊन मी ओढणी फटीला लावली. ओढणी कोरडी.

आणि बाजूच्या खांडीतून सगळी खाडी आत जात होती. थोड्या वेळाने दोन्हीकडे सारखंच पाणी, मध्ये भिंत आणि मिटलेली दारं. बायजाबाई हसायला लागली आणि मग हसणं थांबलं.

घरी आले. आजाने विचारलं, बऱ्याच दिवसांनी, "मिटली काय गो?"

मी म्हटलं, "मिटली." मोठ्याने म्हटलं. तो जेवला.

१३ सप्टेंबर, रविवार

रात्रीच्या जेवणाला सगळे होतो. मी बाला सांगितलं, "बा, खीळ बसवली मी."

बा म्हणाला, "कुठली?"

"तिसऱ्या दाराची. तुझ्या पेटीत होती ती. बरं झालं तू ठेवलीस, नायतर भंगारवाल्यांनी नेली असती."

दादा ताटात बघत होता. आईने बाला भात वाढायला हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. आजा बाच्याकडे बघत होता. आजाचे डोळे अधू झालेत, पण बघत होता.

बा उठला. हात धुवायला मागे गेला तो बराच वेळ आला नाय. त्याला वाईट वाटलं असेल, मी त्याला न सांगता त्याच्या पेटीला हात लावला म्हणून. मी माफी मागायला पाहिजे.

काठी बायजाबाईकडे होती. ती सकाळी जाताना आमच्या दारात ठेवून गेली.

१४ सप्टेंबर, सोमवार

सकाळी बा घरात नव्हता. डबा भरलेला तसाच, बूट पण तसेच. काठी दारात नव्हती.

मी पाचदारीवर गेले. ओहोटी होती. बा मांडीएवढ्या चिखलात उभा होता आणि तिसऱ्या दाराच्या उंबऱ्यावरचा गाळ काढत होता. फावडं टाकून हातांनी काढत होता, कडेकडेचा, कोपऱ्यातला पण. हाताला फडकं नव्हतं. काठी बांधावर रोवलेली. पहिलं दार त्याने अर्धं मोकळं केलं होतं, जे कित्येक वर्षं हललं नव्हतं.

मी म्हटलं, "बा, शिफ्ट चुकली तुझी."

तो गाळ ओढत राहिला.

मी म्हटलं, "बा, आता खांडीतून पाणी येतं. याचा उपयोग नाय."

तो म्हणाला, "आज बारी आपली हाय."

मग मी पण उतरले. दोघांनी मिळून गाळ काढला, पाणी चढेपर्यंत. बा एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. त्याचे हात कालवांनी फाटले होते, मी ओढणी फाडून बांधायला गेले तर त्याने हात मागे घेतला.

वर आल्यावर त्याने काठी उपटली, पुसली, माझ्या हातात दिली. विचारलं, "आता कुणाच्या दारात ठेवायची?"

मी मनात सगळी दारं मोजली. बायजाबाईच्या दाराला कुलूप. पुंडलिककाका ठेवून घेणार नाय. बाकी कुणाला विचारायचं ते मला सुचेना.

मी म्हटलं, "उद्या पण आपलीच, बा."